आज मी खाली

वीज गेली की अख्खं गाव आम्हाला नावानिशी ओळखतं आणि वीज आली की कुणी ओळख दाखवत नाही. नोकरीला लागलो तेव्हा मला याचा राग यायचा, पुढे पुढे गंमत वाटायला लागली. लाईनमनला माणसं मनापासून हाक मारतात ती टीव्ही बंद पडल्यावर नाहीतर मोटर बंद पडल्यावर. बाकी वेळी आम्ही रस्त्याच्या कडेला असतो आणि आमच्या खांबांसारखेच कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

मी शेख. श्रीगोंदा तालुक्यात विजेच्या तारांच्या देखभालीवर हेल्पर म्हणून लागलो आणि प्रधान तंत्रज्ञ म्हणून बाहेर पडलो. मधलं सगळं सांगत बसलो तर संपादकांना अंक माझ्याच नावानं काढावा लागेल. म्हणून फक्त रागाबद्दल सांगतो. विजेच्या कामात माणूस विजेनं मरतो असं लोकांना वाटतं. मरतोही. पण मी जे अपघात पाहिले, ऐकले, त्यांत बहुतेक वेळा विजेच्या आधी राग येऊन गेलेला असायचा. नाहीतर घाई. नाहीतर घरून निघताना झालेलं भांडण डबा बांधावा तसं माणसाबरोबर खांबापर्यंत आलेलं असायचं.

लोकांच्या रागाची सवय होते. आमच्या भागात एक शांताबाई होत्या, पिठाच्या गिरणीच्या मालकीण. वीज गेली रे गेली की त्यांचा फोन पहिला. "ए शेख, कुठं झोपलास रं मुडद्या? हितं बाया डबं घिऊन उभ्या हायेत, त्यांना काय तुझं तोंड दळून देऊ?" मी "हो शांताबाई, निघालो" म्हणायचो आणि फोन कानापासून लांब धरायचो. एकदा कुठे बिघाड नव्हता, ऊनही छान पडलेलं, आणि त्यांचा फोन. म्हटलं आता काय झालं? तर म्हणाल्या, "काय न्हाई. लई दिस झालं, लाईट गेली न्हाई. बरा हायेस ना?" त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं ज्या शिव्या मी खाल्ल्या त्या मला नव्हत्याच. त्यांच्या तोंडासमोर मी होतो इतकंच. बाईंच्या त्या एका फोननं माझा पुढचा बराच त्रास वाचला.

अवघड असतो तो आपला स्वतःचा राग. त्यावर एकदा आम्हाला नगरला प्रशिक्षण होतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, जिभेवर मात्र अजून नगरच येतं. विषय, कामावरचा ताणतणाव. शिकवायला आलेल्या मॅडम चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या. खोल श्वास घ्या, आकडे मोजा, राग आला हे आधी स्वतःशी कबूल करा. जेवणात गुलाबजाम होते, त्यामुळे दुपारच्या सत्रात निम्म्या खोलीनं घोरत घोरत तणावावर पूर्ण विजय मिळवला. शेवटी मॅडमनी विचारलं, "तुम्ही तुमच्या कामात रागाचं काय करता?" आमच्या गँगमधले सगळे एकमेकांकडे बघून गप्प बसलो. आमच्याकडे उत्तर होतं. पण ते सभेत सांगायची आमची पद्धत नव्हती. आता निवृत्त झालोय, सांगायला हरकत नाही.

ही पद्धत आमच्या काशिनाथतात्यांनी घातली. तात्या आमचे जुने फोरमन, अंगानं काटकुळे, आवाज मात्र ट्रॅक्टरचा. त्यांचा नियम असा. काम कोणतंही असो, खांबापाशी पोचलं की प्रत्येकानं खांबाला पालथा हात लावायचा आणि दोनपैकी एकच बोलायचं. 'वर' नाहीतर 'आज मी खाली'. जो खाली म्हणेल त्याला कुणी का विचारायचं नाही. तिथे नाही, परत येताना गाडीत नाही, चहाच्या टपरीवर तर अजिबात नाही. बायकोशी भांडण झालं असेल, पोरगं नापास झालं असेल, साहेब बोलले असतील, कुणाचा मुडदा पाडावासा वाटत असेल. ज्याचं त्याला ठाऊक. टर उडवणाऱ्याला तात्या महिनाभर दोरखंड उचलायला लावायचे.

यात आळशी माणसाचं फावत असेल असं वाटेल. पण खाली राहणाऱ्याकडे परमिट असायचं. हे परमिट काय ते सांगायला हवं. तारेवर काम करायचं तर आधी सबस्टेशनमधून त्या लाईनचा प्रवाह बंद करून घ्यावा लागतो. जो माणूस आपल्या नावावर तसं परमिट घेतो, त्यानंच स्वतः 'परत दिलं' म्हटल्याशिवाय सबस्टेशनचा ऑपरेटर लाईन चालू करत नाही. म्हणजे वर चढलेल्याचा जीव खाली उभ्या असलेल्याच्या जिभेवर असतो. मी तात्यांना एकदा विचारलं होतं, डोकं फिरलेल्या माणसाच्या हातात इतकी मोठी गोष्ट कशी द्यायची? तात्या म्हणाले, "वर हजार गोष्टी कराव्या लागत्यात, त्यातली एक चुकली की गेला. खाली एकच गोष्ट न्हाई करायची, वरचा उतरल्याबिगर फोन न्हाई लावायचा. तेवडं कुनालाबी जमतंय."

कुणालाही जमतं, यावर माझा नंतर विश्वास राहिला नाही. कारण मी संपतला पाहिलं.

संपत आमच्या गँगमधला सगळ्यात चांगला चढणारा. शिडी लावून आम्ही पट्टा आवळेपर्यंत हा वर पोचून पान्हा मागायचा. तो घोड नदीच्या बाजूच्या एका गावचा, पण बाप गेल्यावर बिऱ्हाड श्रीगोंद्यात आणलेलं. गावात त्याचा चुलतभाऊ रावसाहेब. दोघांचे बाप सख्खे भाऊ, घरं भिंतीला भिंत लागून. विहीर सामाईक आणि तिच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं. इथवर आमच्याकडे घरटी एक गोष्ट सापडेल. पण संपतचा बाप गेला तेव्हा रावसाहेब मातीला आला नाही. मधे एक भिंत, आणि माणूस मातीला आला नाही. आपल्या आईलाही त्यानं जाऊ दिलं नाही. ती म्हातारी म्हणजे संपतची मोठीआई. लहानपणी संपतची आई सारखी आजारी, त्यामुळे हा वाढला तो मोठीआईच्या हातच्या भाकरीवर. दिराची तिरडी समोरून गेली तेव्हा ती दारात उभी राहून रडली, असं गावानं सांगितलं. संपतनं हे मला एकदाच सांगितलं होतं.

माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना अवकाळीचा मोठा वारा झाला. तालुक्यात खांब आडवे, झाडं तारांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी माणसं वाटली आणि आमच्या वाट्याला नेमकं संपतचं गाव आलं. आम्ही तिघं होतो, मी, संपत आणि सुनीता. सुनीता आमच्यातली तंत्रज्ञ, कामाला वाघ.

गावात शिरताच माणसांनी गाडी अडवली. रावसाहेबाची आई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. मशीन विजेवर चालणारं. इन्व्हर्टर पहाटेच मान टाकून बसलेला. जवळ लहान सिलिंडर होता, तोही रिकामा होत आलेला. ॲम्ब्युलन्स बोलावली होती, पण ती दुसऱ्या बाजूच्या रस्त्यानं येत होती आणि तिथे बाभळी आडव्या पडल्यामुळे शेजारच्या गावात अडकलेली. मी संपतकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

बिघाड सापडायला वेळ लागला नाही. गावाबाहेरच्या खांबावर जंपर तुटला होता. जंपर म्हणजे खांबावर दोन बाजूंच्या तारा जोडणारा तुकडा. काम लहान, पण वर जाऊनच करायचं. सुनीता पलीकडच्या चौकातल्या स्विचवर गेली, कारण गावातल्या जनरेटर-इन्व्हर्टरचा प्रवाह उलटा लाईनीत येऊ नये म्हणून तो उघडून, म्हणजे गावाकडची जोडणी तोडून, कुणीतरी तिथे पहाऱ्याला थांबावंच लागतं. मी शिडी लावली. अख्खा गाव भोवती जमला होता आणि सगळ्यांच्या नजरा संपतवर होत्या. गावचाच पोरगा, सगळ्यात चपळ. रावसाहेबही तिथे होता. दोघांची नजरानजर झाली.

संपतनं खांबाला पालथा हात लावला.  मग म्हणाला, "आज मी खाली."

आमची पद्धत गावाला काय ठाऊक? एक म्हातारा ओरडला, "आरं, खाली काय? चड की!" दुसरा म्हणाला, "सूड उगवतोय त्यो. चुलता मातीला नेला तवा ह्यो रावसाहेब आला न्हाई, त्याचा सूड." बायका बोटं मोडायला लागल्या. संपतनं त्यांच्याकडे पाठ केली. फोन लावला, ऑपरेटरकडून लाईन बंद करून घेतली, परमिट आपल्या नावावर घेतलं आणि मला म्हणाला, "शेखभाई, तुमाला चडावं लागंल."

तेव्हा मला 'का' विचारायची गरजच नव्हती. मला त्याचा हात दिसत होता. पान्हा धरता आला नसता त्याला.

माझ्या गुडघ्यांनी एव्हाना शिड्यांशी काडीमोड घेतला होता. तरी चढलो. आधी तारांवर अर्थिंगची साखळी टाकली. चुकून कुठून प्रवाह आलाच तर तो माणसाऐवजी जमिनीत जावा म्हणून ही साखळी. खालून संपत एकेक गोष्ट बोलत होता. "क्लॅम्प डाव्या पिशवीत हाय. घाई न्हाई." जंपर बसला. मी साखळी काढून खाली सोडली. आता फक्त उतरायचं होतं.

आणि माझ्या पोटरीत गोळा आला. असा आला की पाय माझा राहिलाच नाही. शिडीचा दांडा सापडेना. मी पट्ट्यावर लटकलेला, डोक्याच्या वर हातभर अंतरावर तारा, आणि साखळी काढलेली. या वेळी कुणी लाईन सोडली असती तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता.

खालच्यांना हे काय कळणार? त्यांना इतकंच दिसलं की तार जोडली गेली आणि म्हातारा लाईनमन वर आरामात बसलाय. इतक्यात घराकडून एक पोरगी पळत आली, "सिलेंडर संपला! आजी कसंतरी करती!" रावसाहेब संपतच्या अंगावर धावला. "जोडली ना तार? मग लाव फोन!"

संपत माझ्याकडे बघत होता. "मानूस वर हाय," तो म्हणाला.

"माजी आई मरती रं तिकडं!"

"मानूस वर हाय."

रावसाहेबानं त्याच्या हातातला फोन हिसकला आणि तोच नंबर लावला. "लाईट सोडा! झालंय काम! सोडा म्हनतो ना!" पलीकडचा ऑपरेटर शांतपणे म्हणाला असणार, संपतला द्या. कारण रावसाहेबानं फोन संपतच्या तोंडाला लावला आणि ओरडला, "म्हन! एक शबुद म्हन!"

वरून माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, डोकी दिसतात. मला संपतचा चेहरा मात्र पूर्ण दिसत होता, कारण त्यानं माझ्यावरची नजर काढलीच नव्हती. त्या तोंडापाशी फोन होता. ज्या बाईनं त्याला भरवलं होतं ती पलीकडच्या आळीत श्वासासाठी तडफडत होती. तिला वाचवणारा शब्द त्याच्या जिभेवर होता आणि त्या शब्दानं मी मेलो असतो. तो शब्द मागत होता त्याचा वैरी. संपतनं ओठ घट्ट मिटून घेतले.

रावसाहेबानं त्याच्या कानाखाली वाजवली. आवाज वरपर्यंत आला.  आता हा उलटून मारणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मारलं असतं तरी मला पटलं असतं. संपतचं डोकं एका बाजूला गेलं, परत जागेवर आलं आणि नजर परत माझ्यावर. तो म्हणाला, "शेखभाई, डावा पाय हलवू नका. पट्ट्यावर वजन टाका. उजवा पाय खाली सोडा, दांडा हाय तिथं. निवांत या."

निवांत या! गालावर पाच बोटं उठली होती आणि तो मला निवांत या म्हणत होता.

मी आलो. कसा आलो ते पायांना विचारा. माझा पाय जमिनीला टेकल्यावर संपतनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी खरंच खाली आहे याची खात्री करावी तसा. मग फोन घेतला. आधी सुनीताला स्विच लावायला सांगितलं, मग सबस्टेशनला फोन केला. "मी संपत. मानसं खाली, साखळी काडली. परमिट परत देतो." आवाजात कंप नव्हता. लगेच पलीकडच्या घराचा बाहेरचा दिवा लागला आणि कुठेतरी मोटर घुमायला लागली. गर्दी रावसाहेबाच्या घराकडे पळाली.

आम्ही दोघंच खांबापाशी राहिलो. संपत बांधावर बसला.  मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यानं तोंडावर पाणी मारलं. मी नमाजी माणूस, खुदाची कुदरत बघायची मला सवय आहे. डोंगर बघितलेत, पूर बघितलाय. पण त्या बांधावर बसलेल्या माणसाकडे बघताना मला जे वाटलं ते तेव्हा पहिल्यांदाच वाटलं. इतका राग आणि इतकी माया एकाच छातीत, एकाच वेळी, आणि दोन्ही दाबून धरलेली. ती कशाच्या जोरावर, हे मला आजही कळलेलं नाही.

मला वाटलं, आता तो गाडीत जाऊन बसेल. तो उठला आणि म्हणाला, "व्होल्टेज बगायला लागंल. आत्ता लई कमी-जास्त हुतंय, मशीन जळंल तिचं."

बापाच्या मातीनंतर त्या घराची पायरी तो चढला नव्हता. त्या दिवशी चढला. दारात रावसाहेब उभा होता, तो बाजूला झाला. मी मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेलो. संपतनं मशीनच्या प्लगला मीटर लावलं, आकडा बघितला आणि मान हलवली. ठीक होतं.

खाटेवर म्हातारी होती, नाकात नळी, ओठ अजून निळसर. श्वास हळूहळू लागत होता. तिनं डोळे किलकिले केले. "कोन? संपत का रं?"

"व्हय, मोठीआई."

तिनं हात वर केला. तो तिच्यापाशी खाली बसला. तिचा हात त्याच्या गालाला लागला आणि थांबला. म्हातारी बोटांनी चाचपून बघत होती. "सुजलंय की रं. कुनी मारलं माज्या लेकराला?"

 रावसाहेब माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभा होता आणि मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"फांदी लागली, मोठीआई," संपत म्हणाला. "वाऱ्यानं लई फांद्या मोडल्यात."

म्हातारीनं मान वळवून दाराकडे बघितलं. "रावसाहेबा, बगत काय उभा राह्यलास? आत जाऊन हळद आन. लाव त्याच्या गालाला."

रावसाहेब आत गेला. हळद वाटीत कालवून घेऊन आला. संपतच्या समोर उकिडवा बसला, आणि ज्या हातानं मारलं होतं त्याच हाताची बोटं त्यानं वाटीत बुडवली. थोडी हळद म्हातारीच्या लुगड्याच्या काठावर सांडली. त्याला हात पुढे नेता येईना.

संपतनं डोळे मिटले आणि गाल पुढे केला.